वॉर्डात एकामागून एक न्यूमोनिया : आधी ओल शोधा

नॉर्मल सलाईनची ५०० मिलीची बाटली, बुचात १८ नंबरची सुई तशीच खुपसलेली, आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात 'नेब'. तारीख नाही. नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचे तुषार श्वासातून देण्याची, वेळ झाली की ड्युटीवरची सिस्टर त्या सुईला सिरिंज लावायची, तीन मिली ओढायची, औषधात मिसळायची आणि पुढच्या बेडकडे जायची. बाटली संपेपर्यंत हेच चालायचं. आमच्या वॉर्डातल्या चार न्यूमोनियांचं मूळ त्या बाटलीत होतं. तिच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला अकरा दिवस लागले.

रुग्णालय नाशिकचंच, नाव सांगत नाही. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, महिना डिसेंबर. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की नाशिककर सगळ्या खोकल्यांचं खापर थंडीवर फोडतो, तसंच आम्हीही केलं. पहिले दोन पेशंट थंडीच्या खात्यात गेले. तिसरा 'जुना दमेकरीच आहे तो' म्हणून सुटला. चौथा सुरगाण्याकडचा पन्नाशीचा शेतकरी, पाय सुजून आलेला, छाती एकदम स्वच्छ. भरती झाल्याच्या पाचव्या दिवशी त्याला ताप भरला, ऑक्सिजन ८८ वर आला आणि एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पांढरा डाग दिसला. तेव्हा कुठे कोणीतरी विचारलं, 'हे चौघं एकाच वॉर्डातले कसे?'

हा प्रश्न दुसऱ्या पेशंटलाच पडायला हवा होता. तो लवकर कसा पडेल आणि पडल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते खाली लिहिते. मोठ्या रुग्णालयांत यासाठी समिती असते, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर असते. तीस-चाळीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये बहुतेकदा एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि एक अनुभवी सिस्टर एवढंच बळ असतं. हे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

पहिलं काम : मोजणी

भरती झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर सुरू झालेला न्यूमोनिया हा रुग्णालयातला धरायचा. व्हेंटिलेटरच्या पेशंटसाठी घड्याळ घशात नळी घातल्यापासून सुरू करायचं. भरतीच्या दिवशीच ताप आणि डाग असेल तर तो घरून आलेला आजार, तो या यादीत नको.

एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे न्यूमोनियाच, असंही समजू नका. हृदय थकलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचलं तरी फिल्म पांढरी दिसते. नवा डाग हवा, शिवाय ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, पिवळा-हिरवा घट्ट बेडका, खाली येणारा ऑक्सिजन यांपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. सत्तरीच्या पुढच्या माणसाला ताप येईलच असं नाही. तो नुसता असंबद्ध बोलायला लागतो, जेवण सोडतो, आणि आपण 'म्हातारपण' म्हणून पुढे जातो. आणि आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांचा खोकला असलेल्या कुठल्याही माणसाचा बेडका टीबीसाठी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग उद्रेक कधी म्हणायचा? आकडा छापील नसतो, तुमच्या वॉर्डाचा नेहमीचा आकडा काय त्यावर ते ठरतं. महिन्याला एखादाच असा न्यूमोनिया दिसणाऱ्या वॉर्डात आठवड्यात तीन दिसले तर घंटा वाजवा. सहसा न दिसणारा एकच जंतू दोन पेशंटमध्ये निघाला तर दोनच पुरेत. आणि बरेच दिवस भरती असलेल्या एका जरी पेशंटला लीजिओनेला (पाण्यात राहणारा न्यूमोनियाचा जंतू, त्याबद्दल पुढे) निघाला तरी चौकशी लगेच सुरू करायची.

कधीकधी उलटही होतं. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) जंतू उगवतात, पेशंट मात्र ठणठणीत. ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालून बघायची दुर्बीण) नीट धुतला-वाळवला नसेल तर त्यातलाच जंतू प्रत्येक नमुन्यात उतरतो. हा खोटा उद्रेक. पण स्कोप खरोखरच घाण आहे, त्यामुळे तो बाजूला काढायचाच.

दुसरं काम : एक रेघांची वही

कॉम्प्युटरची गरज नाही. हातातल्या वहीत रकाने आखा : नाव नको, आयपीडी नंबर, वय, भरतीची तारीख, पहिल्या लक्षणाची तारीख, बेड नंबर आणि मधे बदललेले बेड, नेब्युलायझर, ऑक्सिजन आणि ह्युमिडिफायर (ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली), सक्शन (नळीने कफ ओढणं), राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) किंवा व्हेंटिलेटर, ब्रॉन्कोस्कोपी, आयसीयूत जाऊन आला का, कल्चरचा जंतू आणि त्याची सेन्सिटिव्हिटी (कोणत्या औषधांनी तो मरतो). प्रत्येक पेशंटची एक ओळ.

वहीच्या मागच्या पानावर आडव्या रेषेवर तारखा टाका आणि प्रत्येक पेशंटसाठी एक चौकोन काढा. चौकोन चार-पाच दिवसांत दाटीवाटीने बसले तर सगळ्यांनी एकाच ठिकाणचं काहीतरी घेतलंय. चौकोन महिनाभर एकेक करत सांडत गेले तर जंतू हातांवरून या बेडवरून त्या बेडवर चाललाय. नियम अगदी पक्का नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो.

आमच्या चौघांचे बेड नंबर ३, ९, १४ आणि २१ होते. वॉर्डाची चार टोकं. शेजारच्याकडून लागलं असतं तर बेड जवळजवळचे असते. राईल्स ट्यूब दोघांनाच, सक्शन एकालाच, नेब्युलायझर मात्र चौघांनाही. पाय सुजलेल्या शेतकऱ्याला नेब कशाला? रात्री दोनदा खोकला म्हणून. नाईटला आलेल्या डॉक्टरांनी लिहिलं, सिस्टरने दिलं.

एक खबरदारी : 'नेब चौघांनाही' एवढ्यावर उड्या मारू नका. वॉर्डातल्या न्यूमोनिया न झालेल्या किती पेशंटना नेब मिळत होतं, तेही त्याच वहीत बघा. सगळ्याच वॉर्डाला नेब चालू असेल तर या योगायोगात काही दम नाही. आमच्याकडे ज्यांना न्यूमोनिया नव्हता अशा बारा जणांत तिघांनाच नेब होतं.

तिसरं काम : रिपोर्टची वाट न बघता, त्याच दिवशी

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तोवर हात बांधून बसायचं नसतं.

न्यूमोनियाचे पेशंट वॉर्डाच्या एका बाजूला घ्या आणि त्यांच्यासाठी प्रत्येक शिफ्टला एक ठरलेली सिस्टर द्या. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, बीपीचा पट्टा त्या बाजूचा वेगळा. कारण कळेपर्यंत जवळ जाताना मास्क. इन्फ्लुएन्झा आणि कोविडची तपासणी लगेच करा, विशेषतः पावसाळ्याच्या शेवटी, कारण फ्लूच्या पाठीवर बसून जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. तशी साथ असेल तर निम्मा उपाय फ्लूवरच करावा लागतो.

हात. यावर सगळ्यांचं लेक्चर ऐकून झालेलं असतं, म्हणून एवढंच सांगते : पेशंटला हात लावण्याआधी, स्वच्छ प्रक्रियेआधी, स्राव लागल्याची शक्यता असली की, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हँडरबची बाटली खाटेच्या पायथ्याला अडकवा; नर्सिंग स्टेशनवर ठेवली तर तिच्याकडे कोणी चालत जाणार नाही. आणि हातमोज्यांवर नजर ठेवा. एकाच जोडीने चार बेडचं सक्शन करून तोच हात दाराच्या मुठीला लावणारे मामा मी पाहिले आहेत. हातमोजा त्यांना वाचवतो, पेशंटला नाही.

पृष्ठभाग आधी साबणाच्या पाण्याने पुसायचे आणि मगच हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण). ५ टक्क्यांच्या हायपोचे २० मिली घेऊन पाणी घालत एक लिटर केलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. रोज सकाळी ताजं करायचं. काल केलेलं, उन्हात राहिलेलं हायपो म्हणजे नुसतं वासाचं पाणी. ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या रेलिंगवर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे तग धरतो, म्हणून मावशींना फरशीआधी बटणं आणि रेलिंग पुसायला सांगा. फरशीला पेशंट हात लावत नाही.

चौथं काम : नमुने

बेडका अँटिबायोटिक सुरू करण्याआधी किंवा बदलण्याआधी घ्यायचा. पण पेशंट खालावत असेल तर नमुन्यासाठी औषध अडवायचं नाही. तोंड धुवायला लावून खोल खोकल्याचा बेडका घ्या. मायक्रोस्कोपखाली पू-पेशी भरपूर आणि तोंडाच्या आवरणाच्या पेशी कमी दिसल्या तर तो बेडका, नाहीतर थुंकी. थुंकीचं कल्चर लावून पैसे घालवू नका. नमुना दोन तासांत लॅबला पोहोचला पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. रक्ताचं कल्चर दोन जागांहून, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिली ढकलतात आणि मग 'नो ग्रोथ' आलं म्हणून लॅबला नावं ठेवतात.

लॅबला फोन करून दोन गोष्टी सांगा. एक, 'आमच्या वॉर्डातून आलेले जंतू फेकू नका, जपून ठेवा.' पुढे बाटलीतला जंतू आणि पेशंटमधला जंतू एकच का, हे ताडून बघायला ते लागतात. अनेक लॅब आठवड्याभरात प्लेट टाकून देतात, मग पुरावाच जातो. दोन, लीजिओनेलाची शंका असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तो नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही. त्याची लघवीची तपासणी मुख्यतः एकाच प्रकाराला पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून प्रश्न मिटत नाही.

आमच्या पहिल्या रिपोर्टवर नुसतं 'नॉन-फर्मेंटर' लिहून आलं होतं. हे एका जंतूचं नाही, अख्ख्या गटाचं नाव. आम्ही ते त्या गटातला नेहमीचा जंतू स्यूडोमोनास समजून औषध दिलं आणि पुढे गेलो. चौथ्या पेशंटनंतर पूर्ण ओळख पटवायला सांगितल्यावर नाव आलं : बर्खोल्डेरिया सेपेशिया. या जंतूचं नाव ऐकलं की एकच गोष्ट डोक्यात यायला हवी, ती म्हणजे कुठलं तरी द्रव. हा सलाईनमध्ये, नेब्युलायझरच्या औषधात, माउथवॉशमध्ये, एवढंच काय काही अँटिसेप्टिकमध्येही जगतो. रिपोर्टवर जंतूचं पूर्ण नाव मागून घ्या. आमच्या अकरा दिवसांतले निम्मे तिथे गेले.

पाचवं काम : ओल शोधा

वॉर्डातल्या न्यूमोनियाचे बहुतेक जंतू (क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, बर्खोल्डेरिया, लीजिओनेला) ओल्या जागेत मजेत राहतात. म्हणून हातात टॉर्च घेऊन फक्त ओल्या वस्तूंची फेरी मारा. भिंती-फरशीचे पन्नास स्वॅब पाठवायचा मोह आवरा. काहीतरी उगवणारच, आणि त्याचा अर्थ लागणार नाही. वहीने ज्याच्याकडे बोट दाखवलंय तेवढ्याचंच कल्चर करा.

नेब्युलायझर : एका पेशंटला एक कप आणि एक मास्क, त्यावर नाव. प्रत्येक वेळी सुटं करून निर्जंतुक पाण्याने विसळायचं आणि स्वच्छ कापडावर उघडं वाळवायचं. ओला कप पिशवीत बांधून ठेवला की रात्रभरात त्यात शेती होते. मिसळायला २-३ मिलीची एकवेळची अँप्युल. मोठी बाटली उघडून वाटून घेणं बंद, कितीही घाई असली तरी.

ऑक्सिजनची ह्युमिडिफायर बाटली : यात निर्जंतुक पाणीच. आरओच्या पाण्याला लोक निर्जंतुक समजतात, ते तसं नसतं. पाणी कमी झालं की वरून भर घालण्याची सवय सगळ्यात वाईट, कारण जुनं पाणी तळाशी राहतंच. ओतून टाका, बाटली निर्जंतुक करा, वाळवा, नवं भरा. खरं तर नाकातल्या नळीने ४ लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू असेल तर बहुतेकांना बाटलीत पाणी लागतच नाही. बुडबुडे दिसले की नातेवाइकांना 'ऑक्सिजन चालू आहे' असं वाटतं, म्हणून आपण पाणी घालतो. त्यांना फ्लोमीटरमधला गोळा दाखवा.

व्हेंटिलेटरच्या नळ्या : ठरावीक दिवशी बदलायची गरज नाही, खराब झाल्यावरच बदला. नळीत साचलेलं पाणी पेशंटच्या बाजूला कधीही वळू देऊ नका. सापळ्यात काढा आणि टाकून द्या. पेशंटला कुशीवर वळवताना हे हमखास विसरतं.

सक्शन : विसळायचं पाणी निर्जंतुक, दर पेशंटचं वेगळं, दर शिफ्टला नवं. जार पाऊण भरण्याआधी रिकामा.

सिंक : नळ उघडल्यावर धार थेट जाळीवर आदळत असेल तर ड्रेनमधले जंतू आजूबाजूला उडतात. त्या शिंतोड्यांच्या टप्प्यात औषधाचा ट्रे ठेवलेला मी चार ठिकाणी तरी पाहिलाय. ट्रे हलवा, नाहीतर मधे फळी लावा. आणि ह्युमिडिफायरचं उरलेलं पाणी हात धुवायच्या सिंकमध्ये ओतू नका.

उघडी अँटिसेप्टिकं : मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत आणि तीच बाटली वर्षभर पुन्हापुन्हा भरणं. बाटली धुऊन निर्जंतुक न करता भरायची नाही. उघडल्याची तारीख लिहा.

बाटलीचाच संशय आला तर ती घाईने फेकू नका. झाकून, नाव-तारीख घालून लॅबला द्या आणि त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्याही द्या. सीलबंद बाटलीत जंतू निघाला तर दोष कारखान्यातला. बॅच नंबरसकट अन्न व औषध प्रशासनाला कळवावं लागतं. आमच्या सीलबंद बाटल्या स्वच्छ निघाल्या. सुईवाली नाही.

गच्चीवरची टाकी

लीजिओनेलाचं प्रकरण वेगळं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या वर्षी हा जंतू सापडला. तो माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो, आणि लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात. नेहमीची पेनिसिलीन गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं.

त्याला २५ ते ४५ अंशांचं कोमट, साचलेलं पाणी आवडतं. आता नाशिकच्या कुठल्याही नर्सिंग होमची गच्ची डोळ्यांसमोर आणा. सोलरची टाकी आहे, श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नाही, पाणी ना गरम ना गार. टाकीत पाणी ६० अंशांवर राहील असा हीटरचा जोड ठेवा, नळापर्यंत ५० तरी यायला हवं. हे भाजणारं पाणी आहे, म्हणून पेशंटला बादलीत विसावण घालूनच द्यायचं. रिकाम्या पडलेल्या स्पेशल रूमचे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा सोडा. कॅन्सरच्या किंवा स्टिरॉइड चालू असलेल्या पेशंटला शंका मिटेपर्यंत शॉवर नकोच. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी बंद मजले उघडून जादा खाटा टाकण्याचा विचार असेल तर आधी त्या मजल्याची पाइपलाइन वाहती करा.

बाकीच्या पेशंटना वाचवायला

उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, चालत असेल तर रोज चालवणं, झोपेची औषधं आणि ॲसिडिटीच्या गोळ्या गरज नसेल तर बंद. ॲसिड कमी झालं की पोटात जंतू वाढतात, आणि ॲसिडिटीची गोळी तर आपल्याकडे सलाईनबरोबर सवयीनेच लिहिली जाते.

आणि दात. साधा टूथब्रश, दिवसातून दोनदा. व्हेंटिलेटरच्या पेशंटना क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसायची जुनी पद्धत अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये मोडीत काढली, ब्रशचा आग्रह मात्र धरला. भरती होताना नातेवाइकांना ताट-वाटी आणायला सांगतो त्याच दमात ब्रश आणायला सांगा.

नातेवाइकांशी बोलायचं ते घास आणि घोटाबद्दल. आडव्या पेशंटच्या तोंडात चमच्याने पेज सोडणारी माऊली प्रेमानेच करत असते, पण ती पेज श्वासनलिकेत जाते. बसवून, शुद्धीत असताना, खोकला येतोय का बघत भरवायचं. नाशिकमध्ये यात गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणीही येतं. रामकुंडावरून बाटली भरून आणतात आणि ग्लानीतल्या बापाच्या तोंडात चमचाभर सोडतात. 'अंधश्रद्धा' म्हणून अंगावर जाऊ नका, ते लपवून देतील. मी एवढंच म्हणते, 'दादा, बाबांना गिळता येत नाही, छातीत जाईल. कपाळाला आणि डोळ्यांना लावा.' आजवर कोणी वाद घातला नाही.

औषधांबद्दल थोडं

साथ आली म्हणून सगळ्या वॉर्डाला मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. त्याने सगळे जंतू मरत नाहीत, तगडे तेवढे उरतात. तुमच्याच लॅबच्या मागच्या वर्षभराच्या सेन्सिटिव्हिटीवरून सुरुवात करा, रिपोर्ट आला की नेमकं औषध धरा आणि पेशंट सुधारत असेल तर सात दिवसांनी थांबवायचं बघा.

कळवणं आणि बंद करणं

रुग्णालयाच्या प्रमुखांना त्याच दिवशी, लेखी. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला, तालुक्यात जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवा. आयएचआयपी या साथींच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते. नाव खराब होईल या भीतीने लपवणाऱ्यांची गोष्ट नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच पोहोचलेली असते. घरच्यांना सरळ सांगा की हा न्यूमोनिया इथे आल्यावर झाला, काय सापडलं आणि आम्ही काय करतोय.

नवा पेशंट थांबला म्हणून लगेच वही मिटू नका. वॉर्डाचा आकडा नेहमीच्या पातळीवर येऊन काही आठवडे तिथे राहिला पाहिजे. लीजिओनेला असेल तर उपाय केल्यावर पाण्याची तपासणी तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर तीन महिने दरमहा.

शेवटी 'असं का होत होतं' हे विचारा, आणि ते दार बंद करून, आवाज न चढवता विचारा. आमच्याकडे सुईवाली बाटली कोणी लावली यावरून मीटिंग तापली होती. नाईटच्या एका सिस्टरने हळूच सांगितलं की ३ मिलीच्या अँप्युलसाठी वेगळा इंडेंट (स्टोअरकडे मागणीचा कागद) लागतो, त्यावर दोन सह्या लागतात आणि माल यायला चार दिवस जातात. ५०० मिलीची बाटली मात्र वॉर्डात कायम असते. रात्री दोन वाजता दमा उठलेल्या माणसाला ती काय देणार होती? आता अँप्युलचा खोका वॉर्डाच्या कपाटात असतो. दहा उरल्या की सिस्टर स्वतःच स्टोअरला फोन करते, सही लागत नाही.